बर्ग स्ट्रिप कुठली घेऊ? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पुण्यात नऱ्ह्याला आमचं छोटंसं वर्कशॉप आहे, पीसीबी (सर्किट बोर्ड) असेंब्ली आणि रिपेअरिंगचं. सबमिशन जवळ आलं की इंजिनिअरिंगची पोरं आणि बाराही महिने भोसरी-चाकणकडचे पॅनलवाले, सगळ्यांचे फोन फिरून फिरून त्याच चार गोष्टींवर. मायक्रोकंट्रोलर कुठला घ्यायचा यावर लोक आठवडा घालवतात, आणि कनेक्टर मात्र दुकानात गेल्यावर "काका, एक बर्ग द्या" (बर्ग म्हणजे बोर्डला वायर जोडायची पिनांची पट्टी) एवढ्यावर उरकतात. मग बोर्ड बंद पडून आमच्याकडे येतो तेव्हा आयसी ठणठणीत असतो आणि भानगड त्या पाच-दहा रुपयांच्या पट्टीत निघते. म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवलंय, आता फोन आला की लिंक पाठवतो.

सगळ्यात आधी काय बघायचं? पिच (दोन पिनांमधलं अंतर), करंट की किंमत?

यातलं काहीच नाही. आधी समोर काय लागणार ते बघा. हेडर, म्हणजे ही पिनांची पट्टी, एकटा कधीच नसतो, त्याच्यात काहीतरी घुसणार असतं, जंपर वायर, फिमेल सॉकेट, रिबन केबल नाहीतर शंट (दोन पिना जोडणारी टोपी). नुसता हेडर निवडणं म्हणजे मुलगी न बघता पत्रिका छापून मोकळं होणं. समोरची वस्तू ठरली की पिच, पिनची जाडी, उंची आपोआप ठरतात. त्यानंतरचे प्रश्न दोन, हे किती वेळा काढणार-घालणार, आणि कोण घालणार. तुम्ही स्वतः टेबलावर बसून घालणार असाल तर गोष्ट वेगळी, आणि साइटवरचा वायरमन टॉर्च तोंडात धरून शिडीवरून घालणार असेल तर पूर्ण वेगळी. खाली जे जे लिहिलंय ते सगळं शेवटी इथंच येऊन थांबतं.

बर्ग, ड्यूपाँ, रिलिमेट, एफआरसी, हे सगळं एकच ना?

नाही, पण नातेवाईक आहेत. बर्ग स्ट्रिप म्हणजे आपला साधा पिन हेडर, काळ्या प्लास्टिकमधून आरपार गेलेल्या चौकोनी पिना, बहुतेक ४० पिनांची तोडायची पट्टी. बर्ग ही अमेरिकन कंपनी होती, तिला १९७२ साली ड्यूपाँने घेतलं, त्यामुळं इंटरनेटवर ज्याला ड्यूपाँ वायर म्हणतात ती आणि आपल्या दुकानातली बर्ग ही एकाच घरातली नावं. कंपनी पुढं विकली गेली, नाव मात्र आपल्या बाजारात चिकटून बसलं, जसं फोटोकॉपीला झेरॉक्स.

रिलिमेट वेगळं. त्याची पिच बर्गसारखीच २.५४ एमएम, पण मागं प्लास्टिकची भिंत असते, वायरचं हाउसिंग त्या भिंतीला धरून एकाच बाजूनं बसतं. एफआरसी म्हणजे चारी बाजूंनी डबा असलेला दोन ओळींचा हेडर, एका बाजूला खाच, त्यात राखाडी रिबन केबल लागते. केबलची लाल कडेची वायर म्हणजे पिन नंबर एक, कनेक्टरवर छोटा त्रिकोण असतो तोही तिथंच.

पिच कुठली घेऊ?

डोळे झाकून २.५४, जोपर्यंत दुसरं घ्यायला ठोस कारण नाही. २.५४ म्हणजे एक दशांश इंच, ब्रेडबोर्ड, झिरो पीसीबी (तयार होलांचा बोर्ड), आर्डुइनो, रास्पबेरी पायची ४० पिनांची जीपीआयओ पट्टी, सगळं याच मापाचं. जागा खरंच कमी असेल तर २.०० एमएम. १.२७ मुख्यतः एआरएम कंट्रोलरच्या दहा पिनी डीबग पोर्टला भेटतं, ते हातानं सॉल्डर करता येतं पण करताना देव आठवतो.

एक खड्डा मात्र सांगून ठेवतो. जेएसटी या कनेक्टर कंपनीची एक्सएच सिरीज २.५० एमएमची आहे, २.५४ ची नाही. दोन-तीन पिनांना फरक कळतच नाही, आरामात बसतं आणि माणूस खूश होतो. दहा पिनांना नऊ गाळे, प्रत्येकात ०.०४, म्हणजे शेवटच्या पिनेपर्यंत ०.३६ एमएमची चूक साठते आणि मग कनेक्टर ढकलून ढकलून बसवावा लागतो. ढकलून बसवलेला कनेक्टर काही महिन्यांनी क्रॅक झालेलं सॉल्डर घेऊन परत येतो.

पीसीबीवर होल किती ठेवू?

२.५४ च्या पिना ०.६४ एमएमच्या चौकोनी असतात. पण होल गोल, आणि चौकोनी पिन गोल होलमधून जाताना बाजू नाही तर कर्ण मोजायचा, तो येतो साधारण ०.९. म्हणून फिनिश्ड होल, म्हणजे आतली प्लेटिंग झाल्यावर उरणारं, १.० एमएम. कायकॅड या पीसीबी डिझाइनच्या सॉफ्टवेअरच्या लायब्ररीतही १.० चं ड्रिल आणि १.७ चा पॅडच (होलभोवतीचं तांबं) आहे, तोच वापरा, उगाच हुशारी नको. ०.९ ठेवून "टाइट बसेल" असं म्हणणारे भेटतात, प्लेटिंगनं होल अजून लहान होतं आणि पिनच शिरत नाही मग. २.०० ला होल ०.८, १.२७ ला ०.६५.

एका पिनमधून किती करंट जाईल?

चांगल्या कंपनीच्या २.५४ च्या डेटाशीटमध्ये साधारण ३ अँपिअर लिहिलेलं असतं, २.०० ला २ आणि १.२७ ला १ च्या आसपास. पण हा आकडा वाचताना लोक दोन गोष्टी विसरतात. एक, शेजारच्या सगळ्याच पिनांतून तेवढा करंट चालला तर त्या एकमेकींना तापवतात, आकडा खाली आणावा लागतो. दोन, पिन ३ अँपिअरची असली तरी समोरची जंपर वायर बारीक, रेडीमेड रंगीबेरंगी वायरमधे तांब्याच्या केसाएवढ्या काही तारा, त्यातून मोटर चालवायला गेलं की वायरच गरम.

हिशेब करून बघा. कॉन्टॅक्ट रेझिस्टन्स २० मिलिओहम धरला, ३ अँपिअर गेले, तर ६० मिलिव्होल्ट पडले आणि ०.१८ वॉट उष्णता त्या एवढ्याशा जागेत. नवीन असताना ठीक आहे. कॉन्टॅक्ट सैल झाला, काळा पडला की रेझिस्टन्स वाढतो, रेझिस्टन्स वाढला की तापतो, तापला की स्प्रिंग अजून सैल पडते. प्लास्टिक तपकिरी झालेला कनेक्टर हातात आला की मी मीटर लावायच्या आधीच सांगतो काय झालंय ते.

माझा नियम सोपा आहे, एका पिनवर एक अँपिअरच्या वर गेलं की बर्ग सोडा आणि सरळ पीबीटी लावा, तो हिरवा किंवा निळा स्क्रूवाला. दोन-दोन पिना पॅरलल करून भागवता येतं, पण करंट दोघींत सारखा वाटला जाईल असं धरून चालू नका.

२३० व्होल्ट बर्गवर घेतले तर चालेल का?

नाही. १.७ चे दोन पॅड २.५४ वर ठेवले की मधे ०.८४ एमएम उरतात, २३० ला एवढं अंतर अगदीच अपुरं. मधली पिन काढून टाकली तर, असाही प्रश्न येतो. तरीही नाही, बोट लागेल अशी उघडी पिन आहे ती.

उलटा किंवा एक घर सरकून लागू नये म्हणून काय करू?

हा खरा प्रश्न, आणि हा कोणी विचारत नाही, जळाल्यावर विचारतात.

माझंच सांगतो. कोथरूडच्या एका सोसायटीला टाकीचा लेव्हल कंट्रोलर बनवून दिला होता. सेन्सरला तीन पिनांचा साधा बर्ग, क्रम होता १२ व्होल्ट, ग्राउंड, सिग्नल. बोर्डवर सिल्कस्क्रीनमध्ये, म्हणजे छापील अक्षरांत, नावंही लिहिली होती, मला वाटलं झालं काम. पावसाळ्याआधी टाकी धुवायला माणसं आली, त्यांनी वायर काढली, धुऊन झाल्यावर परत घातली, उलटी. ग्राउंड मधे असल्यामुळं ते जागच्या जागी राहिलं, पण १२ व्होल्ट गेले सेन्सरच्या आउटपुटवर, तिथून सेन्सरच्या पोटातून फिरून आले सिग्नलच्या वाटेनं कंट्रोलरच्या ३.३ व्होल्टच्या पिनवर. मी जाऊन डबा उघडला तर कंट्रोलरच्या डोक्यावर मसुराएवढा फोड, आणि माझी ती छापलेली नावं कनेक्टरच्या खालीच झाकलेली, घालणाऱ्याला दिसणार कशी? त्यात त्याची काही चूक नव्हती. जे उलटं लागू शकतं ते कधीतरी लागणारच.

तर उपाय. बाहेरून वायर येते तिथं रिलिमेट किंवा डबावाला हेडर, बर्ग नकोच. बर्गच वापरायचा असेल तर एक पिन पकडीनं ओढून काढा आणि समोरच्या फिमेलमध्ये तेच होल प्लगनं बुजवा, मग चुकीचं लागतच नाही. अजून एक फुकटातली युक्ती, एकाच बोर्डवर दोन कनेक्टर सारख्या पिनांचे ठेवू नका, एक तीनचा, एक चारचा, एक पाचचा, पिन जास्त झाली तर झाली. दोन सारखे चार पिनी शेजारी ठेवलेत की अदलाबदल ठरलेली. आणि नावं कनेक्टरच्या बाजूला छापा, खाली नाही.

सर्वो मोटरची वायर बघा कधी, त्यात प्लस मधे असतो आणि ग्राउंड-सिग्नल कडेला, त्यामुळं उलटी लागली तरी प्लस-मायनस उलटे होत नाहीत आणि सर्वो सहसा वाचतो. युक्ती छान आहे पण १२ व्होल्टच्या सेन्सरला एवढ्यावर भागत नाही, तिथं कनेक्टरनंच नाही म्हणायला हवं.

दोन ओळींच्या हेडरचे पिन नंबर कसे मोजायचे?

आडवे, नागमोडी. एका ओळीत १, ३, ५, ७, समोरच्या ओळीत २, ४, ६, ८. आयसीसारखं एका बाजूनं खाली जाऊन दुसऱ्या बाजूनं वर यायची सवय हाताला असते, ती इथं सोडायची. चौकोनी पॅड म्हणजे पिन एक.

आणि हेडर बोर्डच्या खालच्या बाजूनं बसवणार असाल तर थांबा, फूटप्रिंट (पॅडची मांडणी) मिरर होतो, एकची जागा दोन घेतो. दोन बाय पाचचा प्रोग्रॅमिंग हेडर डिझाइनमध्ये वरच्या बाजूला काढून असेंब्लीत खालून लावायचा पराक्रम आम्ही २५ बोर्डांवर केलेला आहे. त्या लॉटसाठी खास उलटी केबल बनवली होती, ती अजून ड्रॉवरमध्ये पडलीय, तिच्यावर मास्किंग टेप लावून "ही वापरू नको" असं लिहिलंय.

गोल्ड घेऊ की टिन?

दुकानात पिवळ्या दिसणाऱ्या पिना म्हणजे सोनं खरं, पण नुसता हात फिरवलेला, फ्लॅश म्हणतात त्याला. टिकाऊ गोल्ड प्लेटिंग म्हणजे ०.७६ मायक्रॉनच्या आसपास, ते नावाजलेल्या कंपनीच्या पार्ट नंबरनंच मागवावं लागतं आणि खिशाला कळतं.

एकदा घालून परत न काढायचं, आणि जागा स्थिर असेल तर टिन उत्तम आहे, उगाच पैसे घालवू नका. रोज काढायचं-घालायचं, टेस्ट जिग वगैरे, किंवा सिग्नल अगदी बारीक, मिलिव्होल्टमधला, तर गोल्ड. व्हायब्रेशन असेल तरी गोल्ड, कारण टिन-टिन कॉन्टॅक्ट थरथरत राहिला की पृष्ठभाग घासून ऑक्साइडची काळी पावडर तयार होते आणि मग कनेक्शन कधी आहे कधी नाही. गाडीवरचा बोर्ड टेबलावर आणला की चालतो, गाडीवर नेला की रुसतो, ते यातलंच. आणि एका बाजूला गोल्ड, दुसरीकडं टिन असं मिश्रण करू नका, दोन्ही बाजू एकाच जातीच्या हव्यात. लोक फक्त मेलला गोल्ड घेतात आणि फिमेल मिळेल ती, ते पैसे वाया.

मॉड्यूल थेट सॉल्डर करू का फिमेलमध्ये बसवू?

कॉलेज प्रोजेक्टला फिमेलच, व्हायवाच्या आदल्या रात्री मॉड्यूल बदलायची वेळ आली तर जीव वाचतो. विकायच्या मालाला मात्र मी थेट सॉल्डर करतो, एक जोड कमी म्हणजे एक फॉल्ट कमी.

फिमेल घेताना उंची बघा. नेहमीची ८.५ एमएमची असते, त्यावर मेलचं प्लास्टिक अडीच, मिळून ११ एमएम, म्हणून मधे ११ चे स्पेसर लागतात. १० चे लावून स्क्रू आवळलेत तर बोर्ड वाकतो. गोल होलवाली मशीन्ड फिमेल पट्टीही मिळते, दिसायला फार देखणी, पण ती आयसीच्या बारीक पायांसाठी असते. त्यात ०.६४ ची चौकोनी पिन जोर लावून घातली की आतली पाकळी कायमची फाकते.

ईएसपी३२ च्या बोर्डांची वेगळीच कथा. ३० पिनांचा, ३८ पिनांचा, आणि एकाच नावाखाली दोन ओळींमधलं अंतर वेगवेगळं. इंटरनेटवरच्या फूटप्रिंटवर विश्वास ठेवू नका, बोर्ड हातात आल्यावर व्हर्निअरनं मोजा मगच पीसीबी पाठवा. आर्डुइनो ऊनोमध्ये ७ आणि ८ नंबरच्या पिनांमधली फट २.५४ नसून ४.०६ एमएम आहे, त्यामुळं झिरो पीसीबीवर शील्ड (आर्डुइनोच्या डोक्यावर बसणारा बोर्ड) बनवायला गेलं की सगळ्या पिना बसतात आणि एक ओळ बसत नाही. तुमचं काही चुकलेलं नाही, ते तसंच आहे पहिल्यापासून.

सॉल्डर करताना प्लास्टिक वितळतं आणि पिना वाकड्या होतात, काय करू?

आधी पट्टी सरळ उभी धरायला काहीतरी द्या. जुनी फिमेल पट्टी समोर घालून ठेवली की पिना हलत नाहीत, आणि ती थोडी उष्णताही ओढून घेते. कोपऱ्यातली एकच पिन सॉल्डर करा, बोर्ड उचलून बाजूनं बघा, वाकडं असेल तर तीच गरम करून बोटानं सरळ करा, आणि मगच बाकीच्या. बोट त्याच पिनेवर ठेवू नका हे सांगायला नको, पण प्रत्येक नवा पोरगा एकदा ठेवतोच. इस्त्री, म्हणजे सॉल्डरिंग आयर्न, ३२० ते ३५० अंश, एका पिनेवर दोन-तीन सेकंद. ग्राउंडची पिन लवकर गरम होत नाही म्हणून लोक तिथंच दहा सेकंद टेकवून बसतात, तेव्हाच प्लास्टिक जातं. डिझाइनमध्ये त्या पॅडला थर्मल रिलीफ (ग्राउंडच्या तांब्याशी बारीक पट्ट्यांनीच जोड) दिला असता तर ही वेळ आली नसती.

बऱ्याच स्वस्त पट्ट्या पीबीटी प्लास्टिकच्या असतात, ते साधारण २२५ अंशाला वितळतं. स्क्रूवाल्या कनेक्टरलाही आपण पीबीटी म्हणतो, पण इथं बोलतोय ते प्लास्टिकबद्दल. लेड-फ्री रिफ्लोचं (बोर्ड भट्टीतून नेऊन सॉल्डर करायचं) तापमान त्याच्या वर जातं, म्हणून असला हेडर रिफ्लो ओव्हनमधून न्यायचा नाही, तिथं एलसीपी किंवा उच्च तापमानाचं नायलॉन लिहिलेला पार्टच हवा.

एसएमडी (होलशिवाय बोर्डच्या वरच सॉल्डर होणारा) पिन हेडर घेऊ का?

रोज काढायचं-घालायचं असेल तर नको. ओढताना सगळा जोर तांब्याच्या पॅडवर येतो, एक दिवस पॅडसकट उखडून हातात येतो. बोर्डच्या मागच्या बाजूला होल नकोच असतील तर ठीक.

पुण्यात चांगला माल कुठं मिळेल, आणि ओळखायचा कसा?

प्रोजेक्टपुरतं हवं असेल तर बुधवार पेठेत, पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तापकीर गल्लीत फिरा. गाडी लांब लावून चालत जा, आत पार्किंग शोधण्यात अर्धा दिवस जातो. शंभरच्या वर बोर्ड बनवणार असाल तर कंपनीच्या पार्ट नंबरनं ऑनलाइन मागवा, कारण सुट्या मालात आजचा लॉट आणि पुढच्या महिन्याचा लॉट एकच असेल याची हमी दुकानदारही देत नाही.

जाताना खिशात छोटं चुंबक ठेवा. पिना पितळेच्या असतील तर पट्टी चुंबकाला लटकत नाही, लटकली तर आत लोखंड आहे, आमच्या पावसाळ्यात तिला गंज ठरलेला. मग एक पिन पकडीनं हलकेच ओढा, लोण्यातून सुरी निघावी तशी सरकली तर ठेवून द्या. पट्टी मधून तोडून बघा, खाचेवर सरळ तुटायला हवी, शेजारच्या पिनेचं प्लास्टिक घेऊन नाही. दुकानदार जरा बघेल तुमच्याकडं. आमच्या नेहमीच्या काकांना सवय झालीय, मी आलो की तेच म्हणतात, "काढा तुमचं चुंबक."

एकदा मात्र घाईत चुंबक न लावता पाचशे पट्ट्या उचलल्या होत्या दुसऱ्याच ठिकाणाहून, स्वस्तात. सॉल्डर पिनांवर धरेचना, थेंब होऊन घरंगळायचं. अजून खोक्यात आहेत, पोरांना सॉल्डरिंगच्या प्रॅक्टिसला देतो, यावर जमलं तर कशावरही जमेल.

चुकीचा हेडर लावलाय, पॅड न उखडता कसा काढू?

अख्खा एकदम काढायचा मोह सोडा. हेडर गेला तरी चालेल, बोर्ड वाचवायचाय हे आधी मनाशी ठरवा. कटरनं काळं प्लास्टिक दोन-दोन पिनांमध्ये तोडत जा, किंवा प्लास्टिक वरच्या बाजूनं सरकवून काढता आलं तर अजून छान. आता प्रत्येक पिन एकटी उभी राहिली. बोर्ड आडवा धरा, खालून इस्त्री टेकवा, वरून चिमट्यानं पिन धरा, सॉल्डर पातळ झालं की ती स्वतःहून येते, ओढायची नाही. सगळ्या निघाल्या की होलमध्ये थोडं नवीन सॉल्डर घालून मग सक्शन पंप मारा, जुनं एकटं नीट निघत नाही. ग्राउंडचं होल तरीही बुजलेलंच राहील, त्याला खालून गरम करत लाकडी टूथपिक घाला आणि थंड होईपर्यंत तशीच ठेवा.